कारभारी म्हणजे मालक नव्हे

‘कालनिर्णय’ कुणाच्या भिंतीवर नसतं? ते सुरू करणारे जयंतराव साळगावकर २०१३ मध्ये गेले. मृत्युपत्र २०११ मध्येच केलेलं होतं. तरीही म्युच्युअल फंडांसारख्या गुंतवणुकीवरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. प्रश्न साधा होता: नॉमिनी म्हणून ज्याचं नाव, पैसा त्याचाच का? १४ डिसेंबर २०२३ रोजी निकाल लागला, ‘नाही’. मृत्युपत्र किंवा वारसा कायदा सांगेल त्याचा तो पैसा.

मैत्रिणींनो, म्युच्युअल फंडाचं आपल्या शेणव्याला काय, असं वाटेल. पण आपल्याकडेही माणूस गेला की तेराव्यानंतर कारभार कुणीतरी हातात घेतोच. थोरला दीर, नाहीतर भाऊ. पासबुक, सोसायटीचं कर्ज, सातबारा सगळं त्याच्याकडे. हिशोब विचारायचा तर आपल्यालाच संकोच!

मृत्युपत्रात हे काम ज्याला नेमून दिलेलं असतं, तो एक्झिक्युटर. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानं त्याला चांगलंच बांधलंय. आधी अंत्यविधीचा वाजवी खर्च, मग देणी, उरेल ते मृत्युपत्राप्रमाणे वाटायचं. न्यायालयातून प्रोबेट घेतलं, तर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षात हिशोब द्यायचा. त्याच्या हयगयीनं नुकसान झालं तर भरपाईही त्यानंच करायची. मला वाटतं, मृत्युपत्र नसलं तरी घरच्या कारभाऱ्याला हीच फूटपट्टी लावावी.

शेतीचं तर जास्तच जपायला हवं. २०२५ च्या एप्रिल-मे महिन्यांत सरकारनं ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवली. मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावायची, हा तिचा उद्देश. चांगलंच झालं. पण वारसांच्या यादीत लेकीचं, विधवेचं नाव आहे ना, हे आपणच बघायला हवं. शिवाय सातबाऱ्यावर नाव लागणं म्हणजे वाटणी होणं नव्हे.

मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यात पुरुषाच्या स्वतःच्या मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई यांचा सारखा वाटा असतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मानंच हक्क आहे, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पक्कं केलं. ठाकूर, कातकरी, वारली भगिनींना मात्र हा कायदा थेट लागू नाही. त्यांनी वकिलाचा वेगळा सल्ला घ्यावा.

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा शहापूर तालुक्यातून सुरू झाला. जमिनीला भाव आला की माहेरून बोलावणं येतं, “ताई, एक सही कर.” ती सही हक्कसोडपत्रावरची असेल, तर तिथं आपला वाटा कायमचा सुटतो. खुशीनं सोडायचा तर जरूर सोडा. पण आधी तो कागद वाचून घ्या, किती गुंठे जमीन, कर्ज किती, बँकेत काय, हे एका कागदावर लिहून मागा. भाऊ रुसेल म्हणून गप्प बसू नका. हिशोब मागितल्यानं नातं तुटत नाही. तो लपवल्यानंच तुटतं.