पायचे किती अंक पुरेसे?

वर्तुळाच्या परिघाचे व्यासाशी असलेले स्थिर गुणोत्तर, म्हणजे पाय, दशांशात लिहू गेल्यास कधीच संपत नाही. त्यामुळे खगोलीय अंतरांच्या गणिताला त्याचे असंख्य अंक लागत असावेत, असा समज सहज होतो. वऱ्हाडातल्याच वर्तुळांवर आकडेमोड करून पाहिली, तर तो टिकत नाही.

लोणारच्या विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर आहे. ते अचूक वर्तुळ मानले, तर 22/7 ही किंमत घेऊन काढलेला परीघ सव्वादोन मीटरने चुकतो आणि 3927/1250, म्हणजे 3.1416, घेतल्यास ती चूक सुमारे सव्वा सेंटीमीटरवर येते. भास्कराचार्यांनी 1150 मधील ‘लीलावती’त या दोन्ही किमती देऊन पहिली स्थूल पण व्यवहाराला पुरेशी, तर दुसरी सूक्ष्म ठरवली. अमरावती केंद्र धरून अकोल्यावरून जाणारे, सुमारे 80 किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ सपाट कागदावरचे समजून हिशेब केला, तर सात दशांश स्थळांत चूक सेंटीमीटरच्या आत राहते. नासाची जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळा ग्रहांदरम्यानच्या प्रवासाच्या अतिकाटेकोर गणितात 15 स्थळे वापरते. व्हॉयेजर-1 यानाच्या सुमारे 25 अब्ज किलोमीटर अंतराएवढी त्रिज्या घेतली, तरी तेवढ्या स्थळांनी परिघात चूक उरते ती पुन्हा सव्वा सेंटीमीटरचीच. व्यास दसपट झाला, की चूक तेवढीच राखण्यासाठी साधारण एकच स्थळ वाढवावे लागते, हे यामागचे कारण होय. म्हणूनच दृश्य विश्वाचा, म्हणजे ज्याचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचू शकला त्या विश्वाचा, परीघ हायड्रोजनच्या एका अणूएवढ्या अचूकतेने सांगायलाही 37 स्थळे पुरतात.

खरी अडचण पायच्या नव्हे, तर अंतराच्या मोजणीत असते. विश्वाच्या प्रसरणाचा वेग सांगणारा हबल स्थिरांक एका पद्धतीने 67 च्या, तर दुसरीने 73 च्या आसपास येतो आणि त्यावर बेतलेल्या दूरच्या दीर्घिकांच्या अंतरांत आठ-नऊ टक्क्यांचा फरक पडतो, तिथे 3.14 च्या पुढचा प्रत्येक अंक केवळ अचूकतेचा आभास निर्माण करतो.

तेव्हा 14 मार्चच्या पाय दिनानिमित्त अमरावती-अकोल्याच्या शाळांनी विद्यार्थ्यांकडून अंकांची घोकंपट्टी करून घेण्याऐवजी, दिलेल्या मोजमापाला किती अंक पुरेसे आणि का, हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावा. उत्तरात किती चूक राहील याचा अंदाज बांधता येणे हे शंभर अंक पाठ असण्यापेक्षा अधिक मोलाचे गणित आहे.