गृहव्यवस्था : न्हाणीघर मोडण्यापूर्वीं

सिडकोची स्थापना १९७० सालीं झाली आणि पुढें वाशी, नेरूळ, बेलापूर इत्यादि भागांत तिनें जीं घरें बांधलीं, त्यांतील जुन्या न्हाणीघरांचें आयुष्य आतां संपत आलें आहे. लादी उखडते, नळ गंजतात, खालच्या बिऱ्हाडाच्या छतास ओल येते. मग गृहस्थ कारागिरास बोलावितो, आणि कारागीर पहिल्याच भेटींत म्हणतो, "मधली भिंत पाडूं, संडास-बाथरूम एक करूं, जागा मोठी दिसेल." या सल्ल्याविषयींच आज आम्हांस लिहावयाचें आहे. (ज्यांच्या इमारतीचा पुनर्विकास ठरला आहे, त्यांनीं गळती तेवढी थांबवावी व बाकीचा पैसा राखून ठेवावा.)

जागा मोठी दिसेल, हें खरें. परंतु २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेनें स्नानगृहास किमान १.८ चौरस मीटर, शौचकूपास १.१ आणि दोहोंच्या एकत्र खोलीस २.८ चौरस मीटर जागा सांगितली आहे. म्हणजे संहितेच्या हिशेबानें बचत एक-दशांश चौरस मीटराची. गमावतें तें एक दार. सकाळीं सहा ते आठ या वेळांत मुलांची शाळा, सुनेची लोकल, आजोबांचें पोट आणि पूजेपूर्वींचें स्नान हीं सर्व एकाच कडीपाशीं येऊन थबकलीं, म्हणजे त्या दाराची किंमत कळते. शिवाय सोंवळें पाळणाऱ्या घरांत स्नान करून शौचकूपाशेजारूनच बाहेर येणें वृद्धांच्या मनास रुचत नाहीं, आणि त्यांस जुनाट म्हणून हसणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. 'शौच' हा शब्द 'शुचि' पासून आला आहे. त्याचा मूळ अर्थ शुद्धता असाच आहे.

याला एक अपवाद आहे. घरांत कोणी चाकांच्या खुर्चीवर असेल, किंवा दुसऱ्याच्या आधारावांचून ज्यास उठतां येत नाहीं असें माणूस असेल, तर भिंत अवश्य पाडावी. दोन माणसें एका वेळीं आंत मावलीं पाहिजेत, आणि अरुंद खोलींत तें घडत नाहीं.

तेव्हां लाद्यांचा रंग निवडण्यापूर्वीं आठवडाभर एक टिपण ठेवावें: कोण, केव्हां, किती वेळ, आणि कोणास कोठें हात टेकावा लागतो. हा शेवटचा रकाना पुष्कळदां रिकामा राहतो, कारण वृद्ध माणसें आपण होऊन सांगत नाहींत. तीं टॉवेलाच्या दांडीस धरून उठतात. ती दांडी दोन बारीक खिळ्यांवर असते व एके दिवशीं हातांत येते. तिच्याऐवजीं पक्क्या विटांच्या भिंतींत खोल बसविलेली, न गंजणाऱ्या पोलादाची दांडी घ्यावी. खाडीच्या खाऱ्या, दमट हवेंत साधें लोखंड टिकत नाहीं. गुडघे दुखत असल्यास कमोडाची बैठक सुमारें ४५ ते ४८ सेंटीमीटर उंच असावी. उंबरठा असल्यास तो अगदीं बेताचा, आणि पायांखालील लादी खरखरीत असावी. गुळगुळीत लाद्यांची हौस दिवाणखान्यांत भागवावी.

दार बाहेरच्या बाजूस उघडणारें असावें, ही गोष्ट आम्ही सर्वांत महत्त्वाची मानतों. आंत पडलेल्या माणसाच्या अंगानेंच दार अडतें, आणि मदतीस धांवलेल्यास तें ढकलवत नाहीं. कडीही बाहेरून सोडवितां येईल अशी असावी.

पाण्याविषयीं थोडेंच. नवी मुंबई महानगरपालिकेचें मोरबे धरण स्वतःच्या मालकीचें आहे, म्हणून पाणी उधळण्याची मुभा आहे असें नव्हे. झारीच्या नळाखालीं मिनिटास आठ-दहा लिटर पाणी सहज जातें. एका बादलींत आमचें स्नान सुखानें होतें. झारी लावावयाची तर लावावी, पण खालचा नळ व बादलीची जागा काढून टाकूं नये. पाटावर बसून स्नान करणारे अद्याप पुष्कळ आहेत.

गळतीचा बंदोबस्त लादीखालीं असतो, वर नव्हे. जलरोधक थर पूर्ण झाल्यावर मोरीचें तोंड बंद करून आंत पाणी भरावें व तें दोन दिवस तसेंच ठेवावें. कारागीर घाई करील. त्याचा शेवटचा हप्ता तोंवर देऊं नये. दोन दिवसांनीं खालच्या बिऱ्हाडांत जाऊन, त्यांची परवानगी घेऊन, छत स्वतःच्या डोळ्यांनीं पहावें, आणि मगच लादी बसवूं द्यावी.