तळहातावरची पिंड

रिक्षाच्या काचेवर, किराणा दुकानात गल्ल्यामागे, वाडीवरच्या देव्हाऱ्याशेजारी आपल्या जिल्ह्यात एक तसबीर भेटतेच: पांढरं लुगडं, डोक्यावर पदर, तळहातावर शिवपिंड. जामखेड तालुक्यातल्या चौंडीत १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांना इथं 'राणी' क्वचितच म्हणतात. माई म्हणतात, उदबत्ती ओवाळतात. थायलंडमध्येही १९१० साली गेलेल्या राजा चुलालाँगकॉर्न यांची तसबीर घरोघरी, दुकानोदुकानी अशीच पुजली जाते. मात्र त्यांचं घराणं अजून गादीवर आहे. इथली संस्थानं विलीन झाली, उदबत्ती राहिली.

२०२४ मध्ये जिल्हा अहिल्यानगर झाला, पुढच्याच वर्षी त्रिशताब्दी आली. पाट्या बदलल्या (एसटीत अजून 'एक नगर द्या' असंच ऐकू येतं). म्हणून या अंकात आम्ही तसबिरीमागच्या कारभारी बाई शोधल्या आहेत: १७६७ ते १७९५ महेश्वरहून राज्य चालवणाऱ्या, विणकरांना बळ देणाऱ्या, काशीपासून सोमनाथपर्यंत मंदिरं बांधताना खासगी उत्पन्न खर्चणाऱ्या. पिंडीकडे पाहताना हिशेबाची वही नजरेआड होते, असं आम्हाला वाटतं. तुम्हाला पटेलच असं नाही.

तुमच्या घरातली तसबीर कुणी, कधी लावली, ते लिहून पाठवा. सोबत तिचा फोटोही. काच तडकलेली असली तरी चालेल.