डांबर पुरे, मुरूम राहू द्या!

दिवाळीच्या फराळाबरोबर डांबराची गोष्ट काढणे बरे नव्हे, हे मी जाणतो. पण नुकताच गावी जाऊन आलो आणि गप्प बसवत नाही. ज्या पाणंदीत मी सायकल शिकलो, तिच्यावर डांबर पडले आहे. पूर्वी गाडीवाटेच्या चाकोरीतून चाक सांभाळावे लागे. आता मागून मोटारीचा भोंगा आला की सायकलस्वाराने घाणेरीत शिरायचे!

सुधारणेचा मी वैरी नाही. काळ्या रानातला चिखल बैलगाडी कशी गिळतो, ते मी पाहिले आहे. शेतकऱ्याचा ऊस बाहेर निघालाच पाहिजे. २०२१ साली राज्य शासनाने शेत-पाणंद रस्त्यांसाठी 'मातोश्री' योजना आणली, तीही योग्यच. पण म्हणून डांबरच कशाला? दोन्ही अंगांनी चर खणा, मुरूम पसरा, पाणी मारून रूळ फिरवा. ट्रॅक्टर सुखाने जाईल. मोटारीला मात्र उधळता येणार नाही. मुरमाचा हाच तर मोठा गुण!

हमरस्ते मोटारींना लखलाभ होवोत. देशावरची मुरमाची आणि कोकणातली तांबड्या जांभ्याची वाट तेवढी सायकलला ठेवा. तिथे टिटवी ऐकू येते, माळ संपून ओढा लागलेला अंगाला कळतो, आणि पोराच्या मागे आईला काळजीने धावावे लागत नाही.

यंदाच्या पाडव्याला मुलाला सायकल जरूर घ्या. पण ती चालवायला वाट कुठे ठेवली आहे, तेही त्याला सांगा!