‘पानी’ अशुद्ध कोणी ठरवले?

अमरावती-अकोल्याकडे बी.ए.ला इंग्रजी वाङ्मय घेतलेला विद्यार्थी कधीतरी स्वनिम आणि स्वनांतर या जोडीपाशी येतोच. ‘किल’ म्हणताना इंग्रजांच्या तोंडून ‘क’सोबत हवेचा झोत निघतो, ‘स्किल’ म्हणताना निघत नाही. दोन्ही ध्वनी वेगळे. पण तेवढ्या फरकाने इंग्रजीत अर्थ पालटत नाही, म्हणून ती एकाच स्वनिमाची दोन स्वनांतरे. मराठीत मात्र ‘काल’ आणि ‘खाल’ हे निराळे शब्द. तोच फरक आपल्याकडे दोन स्वनिमांचा. कोणता ध्वनिभेद मोजायचा, हे प्रत्येक भाषा आपल्यापुरते ठरवते.

हे उत्तर लिहून विद्यार्थी गुण मिळवतो. पुढे तोच शिक्षक होतो, आणि वर्गातले पोर ‘पानी’ म्हणाले की त्याची जीभ जड ठरवतो. शिकलेले सारे तिथे विसरले जाते.

वऱ्हाडी बोलण्यात ‘ण’ आणि ‘न’ हा भेद अर्थासाठी मोजला जात नाही. ‘कोण’ आणि ‘कोन’ दोन्ही ‘कोन’च, तरी दारावर ‘कोन आलं?’ असे विचारल्यावर कोणाला भूमिती आठवत नाही. ‘डोळा’ ‘डोया’ होतो, ‘शाळा’ ‘शाया’ होते. तेही स्वैरपणे नव्हे, ठरलेल्या चालीने. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) या बोलीची दखल आहे, ती बोली म्हणून. दोषांची यादी म्हणून नव्हे.

आणि प्रमाण मराठी तरी सारे भेद कुठे पाळते? ‘भाषा’तला ‘ष’ पुण्यातही बहुधा ‘श’ असाच उच्चारला जातो. त्याला कोणी गावंढळ म्हणत नाही. म्हणजे आक्षेप ध्वनीला नसून बोलणाऱ्याच्या गावाला आहे.

मग प्रमाणभाषा शिकवूच नये काय? अवश्य शिकवावी. परंतु ‘तू चुकलास’ म्हणणे वेगळे आणि ‘घरी पानी म्हणतोस, इथे पाणी लिहायचे’ असे सांगणे वेगळे. पहिल्याने मूल गप्प होते. दुसऱ्याने त्याला दोन व्यवस्था कळतात.

महानुभावांच्या रिद्धपुरात, म्हणजे अमरावती जिल्ह्यातच, आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. वऱ्हाडीच्या स्वनिमांची नीट मांडणी करून ती शिक्षकांच्या हाती देण्याचे काम त्याने अंगणापासून सुरू करावे. इंग्रजीच्या ‘क’ला आपण जी समजूत दाखवतो, ती आपल्या ‘पानी’लाही मिळायला हवी.