चालू आहे ना, मग हात कशाला लावायचा?

मंडळी, रस्ते, टँकर आणि बसस्टँड उद्यापासून परत आहेतच. आज सर्व्हरवर लिहितेय. विषय रुक्ष वाटेल, पण आपल्या सगळ्यांच्या नोंदी त्यात अडकल्या आहेत, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

अडीच महिन्यांपूर्वी एक मुलगा माझ्याकडे आला. तालुक्यातल्या एका सार्वजनिक कार्यालयात तो कंत्राटी ऑपरेटर होता. कंत्राट संपून आठ महिने झाले, शेवटचे दोन पगार थकलेत, त्याची बातमी करा म्हणून आला होता. (बातमी केली. एक पगार मिळाला, एक अजून बाकी आहे.) चहा घेता घेता म्हणाला, "ताई, गंमत सांगू? माझं लॉगिन अजून चालू आहे."

मी म्हटलं, साध्या ऑपरेटरच्या लॉगिनने तू करणार काय?

तर म्हणाला, "साधं कुठलं? तिथला सर्व्हर सेंटओएस सहावर आहे. बसवल्यापासून एकदाही अपडेट नाही. पॉनकिट चालवलं की एका मिनिटात रूट."

त्याला आधी दम दिला की बाबा, परत त्या लॉगिनला हात लावू नकोस, आयटी कायद्यात अडकशील आणि थकलेला पगार राहील बाजूला. मग पॉनकिट म्हणजे काय ते समजून घ्यायला बसले. पत्रकारितेच्या डिप्लोमात हे कोणी शिकवलं नव्हतं, त्यामुळे दोन रविवार गेले. जे कळलं ते आपल्या भाषेत सांगते.

यूनिक्स आणि त्याच्याच घराण्यातल्या लिनक्समध्ये प्रत्येक वापरणाऱ्याला हद्द आखून दिलेली असते. ऑपरेटरने आपल्या फायली बघाव्यात, दुसऱ्याच्या नाही. सगळ्यांच्या वर असतो रूट. त्याला काहीही वाचता येतं, बदलता येतं, पुसता येतं. पण काही कामांसाठी साध्या माणसालाही घटकाभर रूटचा अधिकार लागतो. म्हणून काही मोजके प्रोग्रॅम असे ठेवलेले असतात की चालवणारा कोणीही असो, ते चालतात रूटच्या अधिकाराने. परवानगी आहे की नाही, हे त्यांनी स्वतः तपासायचं. पीकेएक्झेक हा त्यातलाच एक, लिनक्सच्या बहुतेक प्रचलित आवृत्त्यांमध्ये आधीपासून बसवलेला.

आता एक रेकॉर्ड रूम डोळ्यासमोर आणा. दारात झडती होते, घातक कागद दारातच काढून घेतात. आत कारकून बसलाय. अर्जाच्या पहिल्या ओळीत नाव असणारच, असं गृहीत धरून तो थेट दुसऱ्या ओळीपासून वाचायला लागतो. एखाद्याने एकही ओळ नसलेला कोरा अर्ज पुढे केला तर? कारकून दुसरी ओळ शोधत अर्जाच्या बाहेर जातो, शेजारचा भलताच कागद अर्ज समजून वाचतो आणि त्यावर स्वतःच्या हाताने दुरुस्तीही करतो. जो मजकूर दारात अडवला गेला असता, तोच आता आतमध्ये कारकुनाच्या अक्षरात तयार. झडती तर कधीच होऊन गेलेली! पीकेएक्झेकमध्ये नेमकं हेच होत होतं. या कोऱ्या अर्जाच्या युक्तीला पॉनकिट म्हणतात. अधिकृत नोंद सीव्हीई-२०२१-४०३४.

ही चूक मे २००९ पासून, म्हणजे या प्रोग्रॅमच्या पहिल्या आवृत्तीपासून तिथे होती. २०१३ मध्ये रायन मॅलन नावाचा प्रोग्रॅमर तिच्या अगदी जवळ पोहोचला होता, त्याने तसं लिहिलंही होतं, पण तिथून रूटपर्यंतची वाट त्याला सापडली नाही. ओपनबीएसडी नावाच्या यूनिक्सच्या चुलत भावाकडे मात्र ही युक्ती चालत नाही, कारण तिथे कोरा अर्ज गेटवरच परत करतात. इतकी साधी गोष्ट!

चूक पकडली क्वालिस या कंपनीने. मुख्यालय अमेरिकेत, पण पुण्यात मोठं ऑफिस आहे, आपल्याकडची पोरंही तिथे आहेत (शोध पुण्यात लागला असा माझा दावा नाही). त्यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये रेड हॅटला खाजगीत कळवलं, दुरुस्ती तयार होऊ दिली आणि २५ जानेवारी २०२२ ला जगाला सांगितलं. चूक वापरून रूट व्हायचा तयार कोड काही तासांतच इंटरनेटवर फिरायला लागला. मात्र दुरुस्तीही त्याच दिवशी हजर होती. फुकट. सर्व्हर बंद करायचीसुद्धा गरज नव्हती.

आमच्या साप्ताहिकाची वेबसाइट भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर चालते. ती बघणाऱ्या मुलाला मी परवा विचारलं. त्याने जुनी नोंद काढून दाखवली, २०२२ च्या जानेवारीतच त्याने दोन ओळी टाईप करून काम उरकलं होतं. मला सांगितलंही नव्हतं. म्हणाला, "त्यात सांगण्यासारखं काय होतं?" महिन्याला मी त्याला देते ते किती, हे लिहायची मला लाज वाटते.

आणि तिकडे कार्यालयात?

मी साहेबांना भेटले. संगणकाचं बघणाऱ्या लिपिकालाही भेटले. लेखी पत्र दिलं, पोच घेतली. उत्तर काय मिळालं, तर "मॅडम, चालू आहे ना, मग हात कशाला लावायचा?" सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या ठेकेदाराने म्हणे बजावून ठेवलंय की अपडेट कराल तर आमचं सॉफ्टवेअर बंद पडेल, मग आमची जबाबदारी नाही.

ही भीती अगदीच खोटी नाही. अपडेटनंतर छापखान्याची बिलं निघायची थांबलेली मी स्वतः पाहिली आहेत. शिवाय सेंटओएस सहाचा सांभाळ नोव्हेंबर २०२० मध्येच संपला, त्यामुळे तिथे दोन ओळींत काम होणारही नाही, सगळा सर्व्हर नव्या आवृत्तीवर न्यावा लागेल. ते खर्चाचं काम आहे, मान्य. पण तोवरचा उपाय क्वालिसने पहिल्याच दिवशी दिला होता: पीकेएक्झेकचा रूट म्हणून चालण्याचा खास अधिकार काढून घ्या. एक ओळ. कारकुनाच्या हातातली किल्ली काढून घेतल्यासारखं. तीही ओळ टाईप करायला कुणी नाही, कारण ते कुणाच्याच कामाच्या यादीत नाही.

दुसरं उत्तर जास्त हुशारीचं होतं. लिपिक म्हणाले, "ही चूक लोकल आहे, बाहेरून कोणी येऊ शकत नाही. जो आत आहे त्यालाच जमेल." तांत्रिकदृष्ट्या बरोबर. पण साहेब, आपल्या कार्यालयात 'आत' कोण कोण आहे? आठ महिन्यांपूर्वी गेलेला ऑपरेटर आत आहे. त्याच्याआधीचे किती असतील, देव जाणे. मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या पिवळ्या कागदावर पासवर्ड आहे, म्हणजे खिडकीपाशी रांगेत उभा राहिलेला प्रत्येक जण आत आहे. आपल्याकडे 'लोकल' या शब्दाने धीर यायचं काहीच कारण नाही, उलट घाम फुटायला हवा.

मोबाईलवाल्यांनीही हसू नये. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातली डर्टी काऊ नावाची अशीच लोकल चूक दुरुस्त झाली. दुरुस्ती करताना खुद्द लिनस टोरवाल्ड्स यांनी नोंदवून ठेवलं की अकरा वर्षांपूर्वी मीच हे दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता आणि तो नीट झाला नव्हता. (आपल्याकडच्या एखाद्या कार्यकारी अभियंत्याने पुलाबद्दल असं लिहिलेलं कुणी पाहिलंय?) आणि सप्टेंबर २०१७ मध्ये, म्हणजे दुरुस्ती येऊन जवळजवळ वर्ष झाल्यावर, तीच चूक वापरणारं झेडएनआययू नावाचं मालवेअर उघडकीला आलं. सर्वात जास्त बाधित फोन दोन देशांत होते, चीन आणि भारत. दुरुस्ती येणं वेगळं, ती आपल्या खिशापर्यंत पोहोचणं वेगळं.

पण माझी खरी काळजी चोरीची नाहीये. मी वीस वर्षं कागदावर जगलेली बाई आहे. अर्ज करते, नक्कल मागते, तारीख बघते, सही बघते आणि मग बातमी लिहिते. उद्या एखाद्या नोंदीतला आकडा बदलला, तर तो कुणी आणि कधी बदलला, हे सर्व्हरच्या लॉगवरून कळायला हवं. आणि रूट झालेल्याला लॉगही पुसता येतो. पॉनकिटबद्दल तर क्वालिसने स्पष्ट लिहिलंय की ते लॉगमध्ये काहीही माग न सोडता वापरता येतं. म्हणजे घरकुलाच्या यादीतून एखाद्या आजींचं नाव गेलं, तर "सिस्टीममध्ये नाही" एवढंच उत्तर मिळणार आणि ते खोटं आहे हे सिद्ध करायला माझ्याकडे, त्या आजींकडे किंवा न्यायालयाकडेही काही असणार नाही. आणि आळ कुणावर येईल? त्या मुलावर. लॉगिन त्याचंच चालू आहे ना!

काही जण विचारतील, कार्यालयाचं नाव का लिहीत नाहीस? दार उघडं आहे हे गावभर ओरडायचं नसतं, आधी घरमालकाला सांगायचं असतं. क्वालिसने दोन महिने थांबून तेच केलं. मीही पत्र देऊन दोन महिने थांबले. फरक एवढाच की तिकडे त्या दोन महिन्यांत दुरुस्ती तयार झाली आणि इकडे पत्राला आवक क्रमांक मिळाला.

माझी मागणी फार मोठी नाही. भिंतीवरच्या आगीच्या लाल नळकांड्याला चिठ्ठी लटकवलेली असते बघा, कधी भरलं, पुढची तारीख काय, सही कुणाची. तशी एक चिठ्ठी सर्व्हरच्या खोलीतही लटकू द्या. आणि कंत्राट संपलेल्या माणसाला अनुभवाचा दाखला देताना त्याच कागदावर लॉगिन बंद केल्याची ओळ येऊ द्या. नवीन संगणक घेताना फीत कापायला सगळे असतात, देखभालीला मात्र अंदाजपत्रकात ओळसुद्धा नसते.

सोमवारी माहिती अधिकारात अर्ज देतेय. तीनच प्रश्न आहेत: सर्व्हर अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी कोणत्या पदावर आहे, शेवटचं अपडेट कोणत्या तारखेला झालं आणि ठेकेदाराच्या करारात या कामाचे पैसे धरले आहेत का. नियमाने तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आलं की इथेच टाकते.