निळा पडदा आला म्हणजे डिस्क गेली असं नव्हे
जुन्या डेस्कटॉपचा मदरबोर्ड जळतो, त्यातली हार्ड डिस्क दुसऱ्या मशीनला लावली जाते, विंडोज एक्सपी सुरू होता होता निळा पडदा येतो, त्यावर ‘७बी’नं संपणारा कोड दिसतो आणि सल्ला मिळतो, ‘डिस्क गेली, फॉरमॅट मारू.’ हे ऐकून जीव तुटतो, कारण बहुतेक वेळा डिस्क ठणठणीत असते. विंडोजकडे नव्या मशीनच्या डिस्क-कंट्रोलरचा ड्रायव्हर नसतो, म्हणून जिथून सुरू व्हायचं ती डिस्कच त्याला दिसत नाही, एवढंच. सॅटा डिस्क असेल तर बायॉसमध्ये एएचसीआयऐवजी आयडीई मोड निवडून पाहा. कधी कधी तेवढ्यानं भागतं. जुना बोर्ड अजून चालत असेल तर उत्तमच: डिस्क हलवण्याआधी डिव्हाइस मॅनेजरमधून कंट्रोलरला विंडोजचा सर्वसाधारण ‘स्टँडर्ड ड्युअल चॅनेल’ ड्रायव्हर द्यावा. खरा धोका वेगळा आहे. २८ बिटांचाच पत्ता समजणाऱ्या जुन्या कंट्रोलरवर १३७ जीबीहून मोठी, भरलेली डिस्क लावू नये. तिथे लिहिताना फायली खरोखर बिघडू शकतात. रेड (RAID) मांडणीतल्या डिस्कबद्दल नव्या कंट्रोलरनं ‘इनिशियलाइझ करू का’ विचारलं, तर ठामपणे नाही म्हणा. आणि कोणी फॉरमॅटचं नाव काढलं, तर आधी ती डिस्क चालत्या मशीनला दुय्यम म्हणून जोडून घरचे फोटो आणि कागदपत्रं उतरवून घ्या.